डावे आटे

रात्री अडीचला मी थेंब मोजले.
मिनिटाला एकोणीस.
खाली घमेलं होतं म्हणून आवाज येत होता.
घमेलं काढलं, तर फरशीवर वेगळा आवाज.
फरशीवरून अळूत पाट काढून दिला, तर आवाजच नाही,
पण पाणी चाललंय हे मग जास्तच कळतं.

सकाळी मुजावर आला.
पाना लावला, भिंतीला पाय लावून ओढला,
रॉकेल सोडलं, ते मुरेपर्यंत चहा घेतला,
पुन्हा ओढला.
"ताई, बोंडी पार जाम झालीया.
कापून टाकू. प्लॅस्टिकचा बसवूया, दीडशेत काम."
मी म्हटलं, उद्या बघू.
"उद्या काय लोणी होणार हाय व्हय पितळंचं?"
म्हणाला, आणि चहाचा कप विसळून ठेवून गेला.

हा नळ आबांचा.
शामराव सुतार, टर्नर, उद्यमनगर,
एकाच लेथवर एकतीस वर्षं.
एका सोमवारी, लाईट नसण्याच्या वारी,
लाईट आली म्हणून, मालकाला विचारून,
उरल्यासुरल्या पितळेतून केलेला.
चावी सगळ्या जगाच्या उलटी.
उजवीकडं फिरवली की सुरू, डावीकडं बंद.

पाहुणे हमखास भिजायचे.
गारगोटीच्या आत्याचा शालू भिजला.
घरफाळ्याची नोटीस घेऊन आलेला माणूस
नोटिशीसकट भिजला.
आणि माझा नवरा, तेव्हा नुसता बघायला आलेला,
पाय धुऊन नळ बंद करायला गेला
आणि गुडघ्यापर्यंत न्हाला.
आबा आतून ओरडले, "उलटा! उलटा!"
तो बिचारा नळाकडं पाठ करून उभा राहिला.
माझा होकार बहुतेक तिथंच ठरला.

आबा लिहायचे उजव्या हातानं.
जेवायचे उजव्या, प्रसाद घ्यायचे उजव्या.
तिसरीत मास्तरांनी बोटांवर पट्टी मोडली होती,
हे मला आजीकडून कळलं, त्यांच्याकडून नाही.

दुपारी कढई घासताना हात थांबला.
चावी उलटी,
तर बोंडी सुलटी कशाला असेल?
माणूस एकदा डावा व्हायचं ठरवतो
तर अर्ध्यावर कशाला थांबेल!

टाकीचा कॉक बंद केला. पदर खोचला.
जिकडं घट्ट करतात तिकडं पाना ओढला.
कुर्र.
पाव आटा. अर्धा. मग नुसत्या बोटांनी.
मुजावर सकाळपासून तिला आवळत होता,
ताकदवान माणूस, बिचारा.

आत वायसर, सायकलच्या ट्यूबचा, त्यांनीच कापलेला,
कडेनं उंदरानं खाल्ल्यासारखा.
आणि बोंडीच्या आतल्या अंगाला
पंचानं ठोकलेला एक बाण:
कुठल्या बाजूला उघडायचं ते दाखवणारा.
आतल्या अंगाला, आबा.
उघडल्यावरच दिसेल असा.
मी परसात एकटीच हसले.
शेजारच्या कट्ट्यावरून शालनवैनी म्हणाल्या, "काय झालं गं?"
सांगायला गेले, तर सांगता येईना.

वरच्या खोलीतल्या प्रज्योतची पंक्चर ट्यूब होती.
पहिला वायसर लहान झाला.
दुसरा तिरका.
तिसरा बसला.
बोंडी आवळताना माझा हात दोनदा चुकला,
सवयीनं उजवीकडंच जात होता.

संध्याकाळी मुजावरचा फोन.
"उघडली? कशी काय?"
"आवळून," मी म्हटलं.
पलीकडं बराच वेळ नुसती गाड्यांची वर्दळ.
मग तो म्हणाला, "काय सांगताय."
मग म्हणाला, "येतो बघायला. पैसं नकोत."

रात्री पुन्हा मोजले.
मिनिटाला दोन.
अजून पाव आटा आवळता आला असता.
पण अळूची पानं
संध्याकाळपासूनच माना टाकून होती.